टॉर्क रेंचला क्रोफूट लावताय? आधी गणित करा

विमानाच्या इंजिनातल्या पाइपच्या नटावर सॉकेट चढत नाही, तिथे टॉर्क रेंचला (नट ठरावीक टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळायचा पाना) क्रोफूट, म्हणजे नटावर बाजूने बसणारा उघड्या तोंडाचा जोड, लावावा लागतो. तो सरळ पुढे आला की लांबी वाढते आणि स्केलवर दिसतो त्याहून जास्त टॉर्क नटावर बसतो. समजा मुठीच्या मध्यापासून ड्राइव्हपर्यंत (क्रोफूट जिथे बसतो तो चौकोनी खुंटा) 10 इंच, क्रोफूट 2 इंच आणि टॉर्क हवाय 120 इंच-पाउंड. मग सेटिंग 100 वरच ठेवायचं: 120 गुणिले 10, भागिले 12. क्रोफूट रेंचच्या दांड्याला 90 अंशात लावला तर हा हिशेब लागत नाही. जागा असेल तर मी तेच सुचवेन. सावकाश ओढा, ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा ओढू नका, नट आणखी आवळला जातो. आणि जाम झालेला नट सोडवायला हा रेंच कधीच वापरू नका, कॅलिब्रेशन, म्हणजे मापाचा अचूकपणा, बिघडतं.