खाजन बुडालं म्हणण्याआधी तिथी बघा: उपग्रह प्रतिमा वाचताना या चुका टाळा

उपग्रहाच्या प्रतिमा आज घरबसल्या, फुकट मिळतात, ही फार मोठी सोय आहे. म्हणूनच दोन प्रतिमा उघडून लगेच निष्कर्ष जाहीर करणाऱ्यांचा मला राग येतो.

भरती न बघता पाणी मोजणे

गोव्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. एका तरुणाने दिवाडीजवळच्या मांडवीच्या सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या दोन प्रतिमा आणल्या. पहिलीत खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताच्या, बांधाबाहेर चिखलाचा रुंद पट्टा होता. दुसरीत तिथे पाणी, आणि बांधाच्या आतही पाणी. "बांध फुटला, खाजन बुडालं," म्हणून पंचायतीला द्यायचा अर्जसुद्धा लिहून तयार!

मी तारखा विचारल्या. पहिली अष्टमीची, दुसरी पौर्णिमेची. सेंटिनेल-2 आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. म्हणजे पहिली प्रतिमा ओहोटीची, दुसरी ऐन उधाणाची. मग आतल्या पाण्याचं काय? बांधावर गेल्यावर शेतकरी म्हणाला, "मानस, म्हणजे बांधाचं दार, आम्हीच उघडलाय, सर. भात कापून झालं, आता मासळीसाठी पाणी घेतो." बांधाला कुठेही भगदाड नव्हतं.

मी आधी दिनदर्शिकेत तिथी बघतो, मग मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि त्यानंतरच संगणक उघडतो. पाण्याची पातळी सारखी असलेल्या प्रतिमाच शेजारी लावाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

पांढरा ढग म्हणजे पाऊस

इन्सॅट-3डीआर किंवा 3डीएस या भारतीय हवामान उपग्रहांच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) प्रतिमेत ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं, पाऊस नव्हे. उंचावरचे, म्हणून थंड माथ्याचे, विरळ तंतुमेघ पांढरेशुभ्र दिसतात आणि थेंबही देत नाहीत. उलट जुलैत सह्याद्रीला धडकून वर चढणारे ढग बरेचदा बुटके आणि उबदार माथ्याचे असतात. त्यांत बर्फ न होताच थेंब एकमेकांत मिसळून जोराचा पाऊस पडतो. वाळपई धो-धो भिजत असते आणि प्रतिमेत तिथे नुसता करडा डाग दिसतो. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा कुठे सरकतोय, हे उपग्रहावर बघा. पुढच्या दोन तासांसाठी पणजीचं डॉप्लर रडार बघा.

बाकीच्या

प्रतिमेवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. साडेपाच तास मिळवा.

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचं तापमान जमिनीच्या पृष्ठभागाचं असतं, हवेचं नव्हे. तापलेल्या पत्र्याचा आकडा "म्हापशाचं तापमान" म्हणून छापू नका.

सेंटिनेल-2च्या मूळ फाइलींत 25 जानेवारी 2022 पासून पिक्सेलच्या किमतींत 1000 ची भर असते. ती वजा न करता जुन्या वर्षांशी तुलना केली, की हिरवळ एकाएकी घटल्यासारखी वाटते.

पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-2 निरुपयोगी ठरला, की लोक सेंटिनेल-1च्या, ढगांतूनही दिसणाऱ्या, रडार प्रतिमांकडे वळतात. ते बरोबरच आहे. पण "काळं म्हणजे पाणी" एवढ्यावर पूरनकाशा काढू नका. वाऱ्याने खवळलेलं पाणी उजळ दिसतं, आणि खारफुटीखालचं तर बरेचदा आजूबाजूपेक्षाही उजळ. त्याच कक्षेतली उन्हाळ्यातली, तेवढ्याच भरतीची प्रतिमा शेजारी ठेवा आणि फरक तपासा.