मसाल्याचा ब्रँड काढताय? पाऊच छापायच्या आधी हे करा

माझ्याकडे ट्रेडमार्कचं, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या सरकारी नोंदणीचं, काम घेऊन येणारे बरेच जण सगळं उरकून येतात, म्हणजे पाऊच छापून झालेत, दुकानावर बोर्ड लागलाय, इन्स्टाचं पेज जोरात आहे आणि मग तसंच नाव असलेल्या दुसऱ्या कुणाच्या वकिलाची नोटीस येते. एक ताई अशाच आल्या होत्या, पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, सगळ्या खोलीत वास, आणि म्हणाल्या नाव बदलायला लागलं तर घरात पडलेल्या पाऊचच्या गठ्ठ्यांचं काय करू. म्हणून कळकळीने सांगतोय, ते नाव आधीच कुणाचं आहे का ते आधी शोधा.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. फोनेटिक सर्च पण करा, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला सारखं वाटणारं नाव अडकतं. एकूण ४५ क्लास, म्हणजे माल-सेवांचे गट, आहेत, मसाले ३० मध्ये आणि लोणची २९ मध्ये, दोन्ही विकत असाल तर फी दोनदा. ऑनलाइन अर्जाला एका क्लासचे ४,५०० रुपये, हे व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी (उद्योग असेल तर उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट लावा), मोठ्या कंपनीला ९,०००. नाव 'शुद्ध मसाले' छाप ठेवू नका, ते मालाचं नुसतं वर्णन झालं, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली ऑब्जेक्शन येतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जुनी बिलं. तुम्ही ते नाव समोरच्याच्या वापराच्या आणि रजिस्ट्रेशनच्याही आधीपासून सलग वापरत असाल तर त्याच कायद्याचं कलम ३४ तुमच्या बाजूने उभं राहतं, पण तोंडी सांगून भागत नाही. त्या ताईंनी घरी जाऊन डबे उपसले तेव्हा प्रिंटरचं पहिलं बिल आणि बचत गटाच्या स्टॉलची पावती सापडली, शाई उडालेली पण तारीख वाचता येत होती, त्यावर आमचं उत्तर उभं राहिलं. पहिल्या दिवसापासून फाइल करा, बिलं, फोटो, सगळं. लोगो डिझायनरने केला असेल तर हक्क लेखी लिहून घ्या, नुसते पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपला झाला असं नसतं.

अर्ज केला की नावाशेजारी टीएम लावा, गोलातला आर रजिस्ट्रेशन झाल्यावरच, आधी लावणं बेकायदेशीर आहे. रजिस्ट्रीने अर्ज तपासून काढलेल्या हरकतींचा एक्झामिनेशन रिपोर्ट आला की महिन्यात उत्तर द्यायचं, इथे लोक ईमेल बघत नाहीत आणि अर्ज हातचा जातो. पुढे नाव रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतं, चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही तर रजिस्ट्रेशन, अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं.

आणि जर्नल दर सोमवारी येतं, ते स्वतः चाळत जा, तुमच्यासारखं नाव दिसलं तर विरोध नोंदवायला तेच चार महिने असतात.