शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर लांबचा प्रवास, अंग न मोडता

जी गाडी सकाळी दुधाच्या कॅन नेते, दुपारी वावरात जाते आणि आठवडी बाजाराच्या थैल्या वाहून आणते, तीच १०० ते १२५ सीसीची गाडी चार दिवसांत हजार किलोमीटर सुखाने जाते. गाडीच्या आधी थकतो तो माणूस. दीडशे किलोमीटरला बूड बधिर होतं, दोनशेला मनगटं धरतात, आणि मग ‘एकदाचं पोचू’ म्हणून थांबे कमी होतात, वेग वाढतो. म्हणून तयारी सीटपासून सुरू करा, इंजिनाकडे नंतर वळा.

महिना निवडताना फार विचार करायचं कारण नाही. विदर्भात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वाऱ्याचं तापमान कातडीपेक्षा जास्त झालं की तो वारा अंग गार करण्याऐवजी भाजतो, म्हणून उन्हाळ्यात बटणं उघडी टाकून गाडी चालवणं उलट महागात पडतं. जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, ओला दुपट्टा, आणि सकाळी दहाच्या आत पल्ला संपवायचा. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. त्या खिशात ओआरएसची पुडी ठेवा.

पंधरा दिवस आधी: गाडी अंगाला लावून घ्या

सीटवर अंगठ्याने जोरात दाबा. खालचा कडक पत्रा किंवा प्लास्टिक हाताला लागलं तर फोम बसलेला आहे. सीटवाल्याकडे गेलं की तो बहुधा वरून मऊ सोफ्याचा फोम चढवून देतो. दुकानात बसून बघताना गादी वाटते, पन्नास किलोमीटरनंतर तीच दबून बुडाची हाडं टेकतात. मूळ फोम तसाच ठेवून फक्त बसायच्या जागी दोन-अडीच सेंटिमीटर कापून तिथे घट्ट फोम बसवायला सांगा. उंची वाढू देऊ नका, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. रेक्झिनवर घाम साचतो, म्हणून वर जाड सुती कापडाचं कव्हर घाला. जीन्सच्या आत जाड शिवणीची चड्डी नको, आणि पाकीट मागच्या खिशात तर मुळीच नको. एका बाजूला पाकीट असलं की कंबर दिवसभर तिरकी राहते.

आता हात. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा आणि बोटं क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर सरळ ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ दिसली पाहिजे. मनगट वर मोडत असेल तर लिव्हरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून लिव्हर थोडं खाली फिरवा. डिस्क ब्रेक असेल तर उजव्या बाजूला ब्रेक ऑइलची डबी त्याच क्लॅम्पवर असते. ती आडवी होईल इतकं फिरवू नका. बहुतेक गाड्यांना आरसेही याच क्लॅम्पवर असतात, तेव्हा शेवटी ते पुन्हा लावावे लागतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेची नस दबते आहे असं समजा. ग्रिप घट्ट आवळणं सोडा, फोमचे ग्रिप चढवा, हातमोजे घाला.

मागच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरच्या तळाशी पायऱ्यांची चकती असते. दोघं आणि सामान असेल तर ती एक-दोन घरं कडक करा, दोन्ही बाजूंना सारखी. त्यानंतर अंधारात, दोघं बसलेले असताना भिंतीवर हेडलाइट पाडून बघा. मागे वजन आलं की पुढचं तोंड वर होतं आणि झोत समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जातो. रस्ता दिसत नाही तो वेगळाच.

सर्व्हिसिंग आधी, निघणं नंतर

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. सैल राहिलेला ड्रेन बोल्ट, उलटं बसलेलं वॉशर, घट्ट झालेला ब्रेक हे सगळं पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरात समोर येतं. ते किलोमीटर गावाजवळ झालेले बरे. ऑइल बदला, एअर फिल्टर बघा, ब्रेकची लायनर किंवा पॅड तपासा, एक नवा स्पार्क प्लग आणि दोन फ्यूज पिशवीत टाका. मेकॅनिकला एवढं सांगितलं की तो करतो. चेन मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

चेनचं पूर्ण कव्हर असेल तर खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढा. चाक हाताने हळूहळू फिरवत चेनचा खालचा पदर मधोमध वर-खाली करून बघा. चेन सगळीकडे सारखी नसते. जिथे सर्वात घट्ट लागते तिथे माप घ्यायचं. साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. कमी-जास्त असेल तर एक्सलचा नट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर मोजून सारखे फिरवा, पट्टीवरच्या खुणा दोन्हीकडे एकच दिसल्या पाहिजेत. घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट. दोघांच्या वजनाने शॉकअब्सॉर्बर दबला की ती आणखी ताणते आणि बेअरिंगवर जोर येतो. आणखी एक गोष्ट हमखास राहते: चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. चेन ओढल्यावर ब्रेकचा नट सैल करून चाक मोकळं फिरतं का ते बघा, नाहीतर वीस किलोमीटरात ड्रम तापतो आणि माणूस म्हणतो, गाडी ओढत नाही.

चेन धुवायला रॉकेल किंवा डिझेल आणि जुना दातब्रश. पेट्रोल नको. पुसून कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब-थेंब सोडा. मागच्या चक्रावरची चेन बोटांनी मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा दिसला किंवा दात वाकडे, आकड्यासारखे झाले असतील तर पूर्ण किट बदला. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला असलं पाहिजे.

क्लचची केबल तुटते ती बहुधा लिव्हरजवळच्या गोळीपाशी. लिव्हर दाबून तिथे टॉर्च मारा. एक जरी तार सुटलेली दिसली तर केबल बदला. नवी घ्याल तेव्हा दोन घ्या. दुसरी केबल तेल सोडून जुनीच्या बाजूने, त्याच वाटेने टाकून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवा, दोन्ही टोकांना प्लास्टिक गुंडाळा. जंगलातल्या रस्त्यावर जुनी तुटली तर टाकी उघडायची गरज पडत नाही, दोन टोकं अडकवली की दहा मिनिटांत निघता येतं.

टायर आणि बाभळीचा काटा

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील तर तो टायर लांबच्या प्रवासाला घेऊ नका. हवेचे आकडे चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेले असतात, एकट्याचे वेगळे आणि दोघांचे वेगळे. मागच्या चाकाचा दोघांचा आकडा बराच जास्त असतो. पंक्चरवाला सगळ्यांना एकच हवा भरतो, त्याला आकडा सांगा. हवा थंड टायरवरच मोजायची.

आपल्याकडे पंक्चरचं मोठं कारण बाभूळ. सावलीसाठी बाभळीखाली गाडी लावण्यापेक्षा उन्हात लावलेली परवडते. ट्यूबवाल्या चाकात काटा घुसला की त्याचं टोक टायरमध्येच मोडून राहतं. ट्यूब जोडली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसली, असं झालं तर तेच कारण. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा; फडकं जिथे अडकेल तिथे काटा आहे. पकडीने बाहेर ओढा. ट्यूबवाल्या गाडीसाठी एक नवी ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप सोबत ठेवा. ट्यूबलेस असेल तर पट्ट्यांचं किट आणि पंप पुरतो.

सामानाचा हिशोब

कम्युटर गाडीची वहनक्षमता साधारण १३० ते १५० किलोच्या आसपास असते. चालवणारा ७० किलो, मागे बसणारी व्यक्ती ५८. झाले १२८. म्हणजे दोघांनी निघायचं तर सामान दहा-बारा किलोच्या आत. माणसागणिक दोन जोड, एक गरम कपडा, रेनकोट, औषधं, हत्यारं, पाणी. यापलीकडे काही नाही. काय काढू असं वाटत असेल तर फराळाचे डबे काढा, रस्त्यात सगळं मिळतं.

पाठीवर पिशवी घेऊन चालवू नका, तिचा भार खांद्यावरून मानेत आणि शेवटी बुडावर येतो. दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगा बऱ्या. जड वस्तू खाली आणि जमेल तेवढ्या पुढे. मागच्या टोकाला कॅरिअरवर जड गाठोडं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. बांधायला जुन्या सायकल ट्यूबची कापलेली पट्टी हुकवाल्या दोरीपेक्षा चांगली, ती सरकत नाही आणि तुटली तर डोळ्यात हुक जात नाही. बॅग सायलेन्सरपासून चार बोटं लांब आहे ना, हे दोघं बसल्यावर पुन्हा बघा. कपडे आत साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पण ती खताची किंवा फवारणीच्या औषधाची नको.

अंगावर काय

आयएसआय मार्कचं फुलफेस हेल्मेट, दोघांनाही, काच पारदर्शक. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) तोंडात ठेवून फुलफेस चालत नाही, हा त्या हेल्मेटचा फायदाच समजा. कानात फोमचे बोळे घाला. तासन्‌तास वाऱ्याचा आवाज डोकं शिणवतो, बोळ्यांनी तो कमी होतो आणि हॉर्न तरीही ऐकू येतो.

थंडीत स्वेटरवर भरवसा ठेवू नका, त्यातून वारा आरपार जातो. आत स्वेटर आणि बाहेर रेनकोटचं जाकीट असं घाला. पहाटे चिखलदऱ्याच्या बाजूला जायचं असेल तर छातीवर वर्तमानपत्राची जाड घडी सरकवा. पायात चप्पल नाही, घोट्यापर्यंतचे बूट.

रस्ता आणि दिवसाचा पल्ला

दिवसाला २५० किलोमीटर पुरे. गाडी ५०-६०च्या वेगाने चालली तरी चहा, पेट्रोल, गतिरोधक धरून तासाला ३५-४० किलोमीटरच पडतात, म्हणजे सात तास झाले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. मोबाइलच्या नकाशात कारचा पर्याय राहिला तर तो तिकडेच वळवतो, म्हणून दुचाकीचा पर्याय निवडून ठेवा. भामरागडकडे जायचं असेल तर आलापल्लीला टाकी भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत आणि मोबाइलची रेंजही. जंगलातून जाणारे काही रस्ते रात्री बंद असतात, ते आदल्या मुक्कामी विचारून घ्या. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये आणि एक झेरॉक्स पिशवीत. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, इतर कशालाही ११२.

दर दीड तासाने गाडीवरून उतरा. उतरा म्हणजे खाली या, चाला, पोटऱ्या ताणा. गाडीवरच बसून पाणी पिणं हा थांबा नव्हे. सकाळी तर्री-पोहे खुशाल खा. सावजी रस्सा मात्र मुक्कामावर, रात्री. दुपारी तो जेवून सरळ रस्त्याला लागलं की पाऊण तासात डोळे मिटायला लागतात.

सोयाबीन निघालं की लोक ते डांबरी रस्त्यावर पसरतात, पुढे तूरही येते. त्या दाण्यांवर चाक गोळ्यांवरून घसरावं तसं घसरतं. ब्रेक लावायचा तो दाण्यांच्या आधी, दाण्यांवर नाही. हँडल सरळ, क्लच न दाबता सावकाश. सिमेंट रस्त्याची साइडपट्टी कुठेकुठे वीतभर खाली असते, ओव्हरटेक होताना कडेला दबू नका. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास अंधारायला लागतं, आणि त्याच वेळी कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) नि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. रोहीही, म्हणजे नीलगायी, तेव्हाच रस्ता ओलांडतात. एक गेला की थांबा, मागे कळप असतो. साडेपाचला मुक्कामाला टेकलेले असा.

घाटात, म्हणजे परतवाड्याकडून चिखलदऱ्याला गेलात तर परतताना, ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि खालच्या वळणावर ब्रेक लागेनासा होतो.

मुक्कामाला पोचल्यावर आंघोळीआधी दहा मिनिटं गाडीला द्या. चेन गरम असते तेव्हाच तेल आत शिरतं, म्हणून दर पाचशे किलोमीटरचं तेल सकाळी नाही, संध्याकाळी टाकायचं. बॅगांच्या पट्ट्या ओढून बघा, दोन्ही टायरवर हात फिरवून काटे चाचपा. मऊ जमीन असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. काळ्या मातीत दव पडलं की स्टँड रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते.