माहितीचा अर्ज भरकटतो कुठे? या चुका टाळा

गावातला रस्ता वर्षभरात उखडला, म्हणून मी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज लिहिला. साडेतीन पानं. रस्ता, नळपाणी योजना, घरकुलांची यादी, शिवाय ग्रामसेवक भेटत नाहीत ही तक्रार. (ग्रामपंचायतीत अर्ज वाचणारे जन माहिती अधिकारी तेच, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!) उत्तर आलं ते फक्त रस्त्याचं. बाकीच्यासाठी वेगळे अर्ज करा, असा शेरा.

चिडलो खरा, पण शेरा नियमाला धरून होता. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांचा. विषय जास्त असले तर पहिल्यापुरतं उत्तर देऊन अधिकारी मोकळा होऊ शकतो. म्हणजे निदान महत्त्वाचं तरी आधी लिहायचं होतं!

एक विषय म्हणजे एकच प्रश्न, असा समज मात्र करून घेऊ नका. एकाच रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराची देयकं, हा सगळा एकच विषय. माझ्या अर्जात यातलं एकही नाव नव्हतं. ‘काम निकृष्ट का झालं?’ एवढंच विचारलं होतं. कायद्याने मिळते ती दप्तरात असलेली माहिती. ‘का’चा खुलासा दप्तरातच लिहिलेला नसेल, तर तो कुणी नव्याने लिहून देत नाही. म्हणून कागदाचं नाव घालून प्रत मागा.

दीडशे शब्द पुरत नसतील तर आधी गाऱ्हाणं खोडा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरजच नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. ‘कालावधी’च्या रकान्यात ‘आजपर्यंतची सर्व’ असं लिहू नका, कामाचं आर्थिक वर्ष टाका. विषय वेगळे केले की दर अर्जाला १० रुपये पडतात; दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, की जन माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे करायच्या पहिल्या अपिलात लोक पुन्हा घसरतात. मूळ अर्जात नसलेली नवी मागणी तिथे घुसडतात आणि सुनावणीत तेवढ्यावरच वाद रंगतो. अपिलात मूळ अर्जातला मुद्दा क्रमांक लिहा आणि त्यातलं काय मिळालं नाही, तेवढंच मांडा. नवं काही सुचलं असेल तर त्याला नवा अर्ज.