पावसाळ्यानंतर इंजिन चालू होऊन बंद पडतंय? पंपाला हात लावण्याआधी हवा शोधा

१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस बोट शाकारलेली असते. ऑगस्टमध्ये झावळ्या निघतात, सेल्फ मारला जातो आणि दर वर्षी किनाऱ्यावरची काही इंजिनं अडून बसतात. मग सल्ले सुरू होतात: नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप काढा, नोझल कॅलिब्रेशनला (फवारा तपासून जुळवायला) पाठवा. हे ऐकलं की मला चीड येते. मे महिन्यात नीट चाललेला पंप दोन महिने नुसता उभा राहून सहसा बिघडत नाही. बिघडतं ते पंपाच्या आधीचं: टाकी, नळ्या, फिल्टर, वायसर (जोडांमधल्या चकत्या). त्यामुळे तपासणी टाकीपासून सुरू करायची. (हे सगळं जुन्या पद्धतीच्या पंप-नोझलच्या डिझेल इंजिनांसाठी आहे, कॉम्प्युटरने चालणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनांसाठी नाही.)

बॅटरी, ऑइल, कूलिंगचं पाणी तुम्ही पाहिलंच असेल. आता टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. टाकी अर्धी ठेवली असेल तर पावसाळी दमट हवेचं आत पाणी होतं आणि जड असल्यामुळे ते तळाशी बसतं. नुसतं पाणी असेल तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढून टाका. पाणी आणि डिझेलच्या मधोमध तपकिरी, बुळबुळीत थर दिसला तर टाकी उघडून धुवायलाच हवी. तो थर तसाच ठेवून फिल्टर बदलला, तर भरतीच्या लाटांनी टाकी घुसळली की नवा फिल्टरही चोंदतो.

टाकीची हवेची नळी पाहा. कुंभारीण माशी तिच्या तोंडात मातीचं घर करते. इंजिन मंदावल्यावर टाकीचं झाकण उघडताच ते सावरलं, तर दोष तिथेच.

फिल्टर नवे घाला.

मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. ज्यांच्या एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं, त्यांनी इंजिन पकडेपर्यंत पाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि पकडताच उघडावा. नाहीतर एक्झॉस्टमध्ये साठलेलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. आता धूर पाहा. अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. आणि इंजिन पकडलं, पाच-दहा मिनिटं चाललं, मग आवाज वर-खाली होत बंद पडलं, तर बहुतेक वेळा कुठूनतरी हवा ओढली जातेय.

या हवेने मला एका ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडाशी अडकवलं. इंजिन बंद, ओहोटीची ओढ बाहेर. नांगर धरला म्हणून निभावलं. पुढचे तीन दिवस मी डिझेल कुठे गळतंय ते शोधत होतो आणि नळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. शेवटी एका कारागिराच्या सांगण्यावरून पंप दुरुस्तीला दिला. पैसे गेले, पंप परत आला, इंजिन पुन्हा तसंच बंद पडलं. माझी चूक एकच होती. टाकी इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असते तेव्हा टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल खेचून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून त्या बाजूला गळती शोधण्यात वेळ घालवू नका.

त्याऐवजी हे करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच बांधा, त्यात ताजं डिझेल भरा आणि नवी नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला लावा. रिटर्नची (उरलेलं डिझेल परत आणणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. एअर काढा (नळ्यांत अडकलेली हवा बाहेर सोडा, क्रम पुढे दिलाय) आणि इंजिन वीस मिनिटं चालवा. नीट चाललं तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये आहे, पंप-नोझल निर्दोष. मग एकेक तुकडा परत जोडत या आणि फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी घाला. ज्या तुकड्यानंतर बुडबुडे दिसतील, तो गुन्हेगार.

माझ्या बाबतीत वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) फिल्टरची जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर मी नवी बसवली होती. बाकीचे संशयित: दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वायसर, कडक झालेल्या रबरी नळीवर आवळलेली क्लिप, सेपरेटरच्या तळाचा नट. टाकी भरलेली असताना इंजिन ठीक आणि अर्धी झाली की बंद, असं होत असेल तर टाकीतल्या ओढणाऱ्या नळीला गंजून भोक पडलंय. जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे तुटून पंपात जातात. वायसर नवे घाला, फार महाग नसतात.

एअर काढण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी फिल्टर, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलच्या नळ्या. फीड पंपाचा हातदांडा ढिला लागत असेल तर तो खराब नाही, कॅम वर अडकलाय. इंजिन अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. नोझलचा नट अर्धा फेराच सैल करा, वर फडकं टाका आणि हाताचं बोट कधीही फवाऱ्यापुढे नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीखाली घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच इस्पितळ गाठा, बोट कापावं लागू शकतं.

आणि एअर क्लीनरपाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे धरून इंजिन उठवायला कुणी सांगितलं तर त्याला बोटीवर घेऊ नका. बंद केबिनमध्ये आग लागते, पिस्टन फुटतात, आणि हवा जिथून येते तिथून येतच राहते.

इंजिन सुरळीत झालं की लगेच खाडीबाहेर जायचं नाही. दोर बांधलेल्या बोटीवर गिअर टाकून अर्धा तास भार द्या, मग सेपरेटरचा पेला पुन्हा पाहा. तळाशी पाण्याचा थेंबही नसेल तर दोर सोडा, दोन जादा फिल्टर आणि वायसरची पुडी बरोबर घेऊन.