गिझरचा चक्रीवाला टायमर काढून डिजिटल बसवताय? या चुका टाळा

साताऱ्यात लॉज म्हणा, होस्टेल म्हणा, गिझरचे जुने चक्रीवाले टायमर निघताहेत आणि डिजिटल बसताहेत. चांगलंच आहे. लाईट गेली की चक्री थांबते. दोन तास लाईट गेली तर पहाटे पाचला तापायचं पाणी सातला तापतं. पण नवा बसवताना चुका मात्र ठरलेल्या.

सगळ्यात महागात पडते ती कॉन्टॅक्टर, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर जड लोड चालू-बंद करणारा दणकट स्विच, काढून टाकण्याची. पोवई नाक्याकडच्या एका लॉजवर २००० वॅटचे तीन गिझर एकाच टायमरवर होते. कासच्या सीझनच्या तोंडावर मालकांच्या भाच्यानं टायमर ऑनलाईन मागवला, एक व्हिडिओ बघितला आणि स्वतःच बसवला. पॅनलमधला गुणगुणणारा कॉन्टॅक्टर त्याला जादाचा वाटला. तो काढून त्यानं तिन्ही गिझर थेट टायमरला जोडले. नंतर मलाच म्हणतो, "काका, १६ अँपिअर लिहिलंय की त्याच्यावर!"

लिहिलंय, बरोबर. पण २३० व्होल्टला असा एक गिझर पावणेनऊच्या आसपास अँपिअर ओढतो. तिन्हींचे झाले २६. एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, ३२ अँपिअरचा, तो कशाला पडतोय? थोडे दिवस चाललं, मग टायमरच्या आतल्या रिलेचे, म्हणजे छोट्या स्विचचे, पॉइंट चिकटले. डिस्प्लेवर ‘ऑफ’ आणि भर दुपारी नळाला कढत पाणी. गिऱ्हाइकं खूश, त्यामुळं तक्रार कोण करणार? बिल आलं तेव्हा मला फोन.

टायमरनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, लोड कॉन्टॅक्टरनं उचलावा. मी ३ किलोवॅटच्या एकट्या गिझरलाही कॉन्टॅक्टर लावतो. काहीजण त्याला फाजील खर्च म्हणतात. म्हणू देत.

दुसरी चूक, जुन्याच्या तारा जागा बघून तशाच नव्यात खुपसणं. टर्मिनलचा क्रम कंपनीगणिक बदलतो. बऱ्याच डिजिटल टायमरमध्ये दोन टर्मिनल त्याच्या स्वतःच्या सप्लायची, आणि कॉमन (फेज आत घ्यायचं), एनओ (टायमर ‘ऑन’ झाला की जोडलं जाणारं), एनसी (‘ऑफ’ असताना जोडलेलं) वेगळी. कॉमनला फेज आतून आलेली नसते, बाहेरून द्यावी लागते. ती दिली नाही की डिस्प्ले लागतो, गिझर थंड, आणि "पीसच खराब" म्हणून टायमर परत जातो. एनओऐवजी एनसीला तार गेली तर सगळा उलटा कारभार. मी आधी मेन बंद करून टेस्टरनं तपासतो, फोटो काढतो, प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नंबर टाकतो. रंगावर जात नाही. जुन्या घरांत काळी तार फेज निघालेली बघितली आहे.

न्यूट्रल टायमरमधून तोडू नका. गिझर बंद दिसतो, पण गिझरच्या आतल्या तापणाऱ्या कॉइलला फेज तशीच राहते. अर्थिंग थेट गिझरला.

खोक्यातून काढल्या काढल्या सेटिंग करायची घाई नको. आतली बॅटरी बहुधा उतरलेली असते. काही तास सप्लायवर ठेवा, नाहीतर लाईट गेली की सेटिंग पुसलं.

संध्याकाळचे पाच आणि पहाटेचे पाच यातला फरक बघा. वारही बघा, सोमवार ते शुक्रवार निवडला तर रविवारी गार पाण्यानं आंघोळ.

मल्टीस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांच्या जुडग्याच्या, वायरला लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) मारा. नुसती पिळून स्क्रूखाली दाबलेली तार ढिली पडते, मग टर्मिनल काळं पडतं.

शेवटी टायमर एकदा ‘ऑन’, एकदा ‘ऑफ’ करून क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचा मीटर) लावा. ‘ऑफ’ला शून्य अँपिअर दिसल्याशिवाय पॅनलचं झाकण लावू नका.