नवोदयचा शाळावार निकाल: फ्लेक्सवरच्या आकड्याचा खरा दर कसा काढायचा

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जवाहर नवोदय विद्यालयातल्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की शाळांचे आणि क्लासेसचे फ्लेक्स झळकतात: ‘आमचे ५ विद्यार्थी नवोदयला!’ कितीपैकी ५, हे त्यावर नसतं. आणि पाचवीला मूल कुठे घालायचं, हे पालक त्याच आकड्यावर ठरवतात. शाळावार निवडीचा दर काढायला एक वही पुरते. शाळा व्यवस्थापन समितीनं तर तो दरवर्षी काढून ठेवावा.

आधी जागांचं गणित. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांच्या. बाकीच्या सर्वांना खुल्या. किमान एक तृतीयांश जागा मुलींना, शिवाय अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांसाठी आरक्षण. त्यामुळे सगळ्यांना एकच कटऑफ लागत नाही. सहावीची परीक्षा एकदाच देता येते, हे मात्र हिशेबाला सोयीचं: पाच वर्षांची बेरीज केली तरी एक मूल दोनदा मोजलं जात नाही.

वहीत शाळेची दरवर्षी एक ओळ लिहा: यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पाचवीचा पट, भरलेले अर्ज, परीक्षेला हजर, निवड, प्रत्यक्ष प्रवेश. यूडायस टाळू नका. एकाच तालुक्यात सारख्या नावाच्या दोन-तीन जिल्हा परिषद शाळा सहज सापडतात आणि बेरजेत त्यांची सरमिसळ होते. हा क्रमांक ११ अंकी असतो. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो.

पट मुख्याध्यापकांकडे मिळतो. अर्जांची संख्याही तिथेच, कारण अर्जासोबतच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही लागते. हजेरीचा आकडा सर्वांत अवघड, कारण फॉर्म भरून परीक्षेला न जाणारी मुलं असतात. मुलांना जीप करून केंद्रावर नेणाऱ्या शिक्षकांना विचारा. कोण गैरहजर होतं ते त्यांना नक्की ठाऊक असतं. निवडीसाठी विद्यालयात लागलेली यादी घ्या आणि तिच्यातले रोल नंबर शाळेकडच्या प्रवेशपत्रांशी जुळवा. नुसत्या नावांवर विसंबलात तर आडनावबंधू घोळ घालतील.

जुन्या वर्षांचे आकडे शाळेत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. नवोदय विद्यालय समिती केंद्र सरकारची आहे, त्यामुळे केंद्राचे नियम लागू. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मुलांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून ती नाकारली जाऊ शकतात. ‘शाळावार तक्ता तयार करून द्या’ असंही लिहू नका. उपलब्ध नोंदींमधली शाळावार संख्या, आहे त्या स्वरूपात मागा.

आता दर. एक नाही, दोन काढायचे: निवड भागिले हजर आणि निवड भागिले पट. समजा, वाडीवरच्या शाळेचा पट १२, हजर ८, निवड २. पहिला दर २५ टक्के, दुसरा १६.७. तालुक्याच्या मोठ्या शाळेचा पट १२०, हजर ४०, निवड ५. इथे दर १२.५ आणि ४.२. फ्लेक्सवर मोठी शाळा पुढे, दोन्ही दरांत वाडी पुढे. दोन्ही दर हवेत, कारण काही शाळा निवडक हुशार मुलांचेच फॉर्म भरतात. पहिला दर फुगतो, दुसरा त्यांना उघडं पाडतो.

पण वाडीच्या २५ टक्क्यांवर लगेच भाळू नका. पुढच्या वर्षी १० मुलं बसली आणि एकही लागलं नाही, की दोन वर्षांचा मिळून दर २/१८, म्हणजे ११.१ होतो. एका मुलानं दर दहा-बारा टक्क्यांनी हलत असेल तर तो शाळेचा दर नव्हे, त्या मुलाचा निकाल आहे. पाच वर्षं एकत्र करा. तरीही हजर मुलं ३० च्या खाली असतील तर टक्केवारी लिहूच नका, ‘१८ पैकी २’ असंच लिहा.

शून्याचंही तसंच. जिल्ह्यातून ८,००० मुलं बसली असं धरलं तर ८० जागांचा सरासरी दर १ टक्का. पाच वर्षांत ४० मुलं बसवणाऱ्या शाळेकडून अपेक्षा ०.४ मुलाची! तिथे शून्य येणं अगदी सामान्य आहे. शून्य निवड असताना खरा दर जास्तीत जास्त किती असू शकतो, याच्या ढोबळ अंदाजासाठी ३ ला हजर संख्येनं भागा: ३/४०, म्हणजे ७.५ टक्के. खरा दर तिथपर्यंत असूनही पदरी शून्य पडू शकतं. एवढ्यावरून शिक्षकांना धारेवर धरणं अन्याय आहे.

श्रेय कुणाचं, हा खरा वादाचा मुद्दा. आपल्याकडे बऱ्याच जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. मूल पाचवीला हायस्कुलात जातं आणि अर्जावर हायस्कूलचं नाव लागतं. क्लास लावला असेल तर त्याच मुलाचा फोटो तीन फ्लेक्सवर. म्हणून वहीत ‘तिसरी-चौथीची शाळा’ असा आणखी एक रकाना ठेवा आणि दर दोन्ही प्रकारे काढा. हायस्कूलची निम्मी निवड एकाच वाडीतून आलेली निघाली, तर पाहायला जायची शाळा ती.

प्रतीक्षा यादीतली नावं निवडीत धरू नका. तिथून नंतर बोलावणं आलं तर वेगळ्या शाईनं वाढवा. निवड झाल्यावरही कागदपत्रांच्या पडताळणीत काही मुलं गळतात, म्हणून प्रवेशाचा रकाना वेगळा.

तुलना ग्रामीण शाळेची ग्रामीणशीच करा. शहरातल्या मुलाला ग्रामीण राखीव जागा बंद असतात, त्यामुळे शहरी शाळेचा दर कमी दिसला म्हणून ती वाईट ठरत नाही. याची दुसरी बाजू पालकांना महागात पडते. ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेत झालेली लागतात. त्या काळात एक दिवस जरी शहरी शाळेत गेला तरी मूल शहरी धरलं जातं. शहरी भाग ठरतो २०११ च्या जनगणनेनुसार किंवा त्यानंतरच्या सरकारी अधिसूचनेनुसार. म्हणजे तुमच्या खेड्याची नगरपंचायत झाली असेल तर तेही तपासा. चांगला दर बघून पाचवीला मूल शहरात हलवण्याआधी त्या शाळेचा दाखला ग्रामीण की शहरी, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.